यूसुफची विहीर आणि वळसंगची मुलं

एका लहान मुलाला विहिरीत टाकलं आहे. काठावर त्याचे भाऊ उभे आहेत, पण ते वाचवायला आलेले नाहीत. टाकणारे तेच आहेत. थोड्या वेळानं त्यांचे आवाजही दूर जातात. कुराणाच्या बाराव्या अध्यायात, सूरह यूसुफमध्ये, हा प्रसंग येतो. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागणाऱ्या वळसंगसारख्या गावात ही गोष्ट सांगायला बसलं, की मुलांना विहीर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात तळाला गेलेलं पाणी, कपारीतली कबुतरं, वाकून हाक मारली की घुमून परत येणारा आवाज हे सगळं त्यांना ठाऊक असतं. गोष्ट ऐकणारं पोर तिथंच विचारतं, ‘मग तो रडला का?’

कुराण याचं उत्तर देत नाही. ते एवढंच सांगतं, की त्या अंधारात अल्लाहनं यूसुफच्या मनाशी एक शब्द दिला: एक दिवस तू या भावांना त्यांच्या या कृत्याची आठवण करून देशील आणि तेव्हा त्यांना तू ओळखूही येणार नाहीस. बस. दोर आला नाही, देवदूतानं उचलून वर ठेवलं नाही. मूल विहिरीतच आहे, फक्त आता ते एकटं नाही. मला या गोष्टीचं पहिलं नवल इथं वाटतं. मुलांना श्रद्धा शिकवायची म्हटलं की आपण चमत्काराकडे धावतो; देवाला हाक मारली आणि देव धावून आला, असं सांगतो. इथं हाक ऐकली गेली आहे आणि तरी वाट पाहायची आहे. खऱ्या आयुष्यातली श्रद्धा बहुतेक वेळा अशीच असते, आणि मुलांना ते लवकर कळलं तर बरं.

मकतबात, म्हणजे धार्मिक शिक्षणाच्या प्राथमिक वर्गात, सकाळी कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) आणि सिपारा (कुराणाचा एक भाग) घेऊन बसणारी मुलं आधी अक्षरं घोकतात, मग लहान सूरह पाठ करतात. किस्से मात्र बहुतेक घरी ऐकायला मिळतात, दादीकडून, नानीकडून, रात्री अंथरुणात. सोलापूर भागातल्या मुस्लिम घरांत ते दखनीत सांगितले जातात; शेजारी मराठी आणि कन्नड असते, आणि सांगणारी बाई तिन्हींतले शब्द घेत पुढं सरकते. यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा त्यात मानाचा. कुराणात मूसा, इब्राहीम, नूह यांच्या कथा तुकड्यातुकड्यांनी अनेक ठिकाणी येतात. यूसुफची कथा मात्र सलग, एकाच सूरहमध्ये, 111 आयतींत आरंभापासून शेवटापर्यंत येते, आणि कुराण स्वतःच तिला सर्वांत सुंदर कथा म्हणतं.

आणि ती रचली आहे कशी! नीट ऐकलं तर सगळी कथा एका सदऱ्यावर चालते. भाऊ यूसुफचा सदरा खोट्या रक्तात भिजवून बापापुढं टाकतात आणि लांडग्यानं खाल्लं म्हणून रडतात. लांडग्याची कल्पना त्यांना सुचली कुठून? मुलाला रानात नेण्याआधी वडील याकूब स्वतःच म्हणाले होते, की तुमचं लक्ष नसताना लांडगा त्याला खाईल अशी मला धास्ती वाटते. बापाची भीतीच पोरांनी उचलली आणि तिचंच खोटं करून त्याच्यासमोर ठेवलं. भाष्यकारांनी पुढं नेमकं बोट ठेवलं आहे: सदऱ्याला रक्त होतं, पण तो फाटलेला नव्हता. हा कसला लांडगा, ज्यानं मुलाला खाल्लं आणि कापडाला दातही लावला नाही? याकूब यांना खोटं उमगतं, पण पुरावा काही नाही. ते धीर धरतात. पुढं मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, ज्या घरात यूसुफ विकला गेला तिथली मालकीण त्याच्यावर खोटा आळ घेते. तेव्हा तिच्याच घरातला एक माणूस सांगतो, सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. सदरा मागून फाटलेला निघतो, कारण यूसुफ दाराकडे पळत होता. आणि शेवटी, रडून रडून डोळे गेलेल्या याकूब यांच्या चेहऱ्यावर यूसुफचा सदरा टाकला जातो आणि त्यांना दिसू लागतं. पहिल्या सदऱ्यानं खोटं सांगितलं, दुसऱ्यानं खरं, तिसऱ्यानं डोळे परत दिले. सात-आठ वर्षांचं मूलही हे पकडतं आणि मग पुढच्या प्रत्येक कथेत अशा खुणा शोधू लागतं.

मुलं लांडग्याचंही विचारतात. त्याची बाजू कोण घेणार? पैगंबरांच्या कथांच्या जुन्या लोकपरंपरेत त्याची सोय केलेली आहे. त्या कथा सांगतात, की भावांनी खरोखरीच एक लांडगा पकडून आणला आणि अल्लाहनं त्याला वाचा दिली, तेव्हा त्यानं सांगितलं की मी तुमच्या मुलाला पाहिलंही नाही. हे कुराणात नाही, किश्शांत आहे, आणि सांगणाऱ्यानं तसं सांगूनच ते सांगावं. पण एका मुक्या जनावरावरचा खोटा आळसुद्धा लोकांना सहन झाला नाही, हे फार मोलाचं आहे.

विहिरीतून यूसुफ वर येतो तो पोहऱ्याबरोबर. वाटेवरून एक काफिला जात असतो. त्यांचा पाणक्या विहिरीत पोहरा सोडतो आणि पाण्याऐवजी मुलगा हाती लागतो. तो आनंदानं ओरडतो, पण मुलगा मिळाला म्हणून नव्हे, माल मिळाला म्हणून. थोड्याशा दिरहमांना मूल विकलं जातं. विहिरीच्या काठावर माणसाचं मोल ठरवलं जाण्याची गोष्ट वळसंगला परकी नाही. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर या गावात आले ते विहिरीसाठीच. जिथं पाण्याला हात लावायची बंदी होती, तिथं दलितांनी आपल्या हक्काची विहीर केली आणि बाबासाहेबांनी तिचं पाणी काढलं. ती विहीर आजही बाबासाहेबांच्या नावानं ओळखली जाते. वळसंगच्या शिक्षकाला यूसुफची गोष्ट सांगताना दूरचं उदाहरण शोधायला नको. मुलांना घेऊन चालत गेलं की झालं.

आता धैर्याबद्दल. यूसुफ तलवार कधीच उचलत नाही. मालकिणीच्या मनासारखं वागण्यापेक्षा तुरुंग बरा, असं तो देवाला सांगतो आणि तुरुंगात जातो. तिथं दोन तरुण कैदी त्याला आपली स्वप्नं सांगतात. त्यातला एक सुटणार असतो. त्याला यूसुफ म्हणतो, तुझ्या धन्याकडे माझी आठवण काढ. तो सुटतो आणि विसरतो. यूसुफ आणखी काही वर्षं आत राहतो. पुढं राजाला स्वप्न पडतं: सात धष्टपुष्ट गाईंना सात रोडक्या गाई खातात, सात कणसं हिरवी आणि बाकीची वाळलेली. दरबारात कुणालाच अर्थ लागत नाही, तेव्हा विसरलेल्याला आठवण होते. यूसुफ अर्थ सांगतात. आधी मला सोडा, मग सांगतो, असा सौदा ते करत नाहीत. राजा त्यांना बोलावणं पाठवतो, तुरुंगाचं दार उघडतं, आणि यूसुफ बाहेर यायला नकार देतात! आधी माझ्यावरच्या आरोपाची चौकशी करा, असं ते निरोप्याला सांगतात. या जागी गोष्ट ऐकणारी मुलं हमखास चिडतात. दार उघडं आहे, जा ना! हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, तर खुद्द पैगंबर मुहम्मद यांचं म्हणणं नोंदलेलं आहे, की यूसुफइतका काळ मी तुरुंगात काढला असता तर बोलावणाऱ्याबरोबर मी निघालो असतो. म्हणजे हा प्रसंग किती अवघड आहे, हे परंपरेला पुरतं ठाऊक आहे. दयेनं मिळालेली सुटका यूसुफ यांना नको होती. त्यांना न्याय हवा होता. कुराणातल्या या कथेतला सर्वांत धाडसी क्षण मला हाच वाटतो, आणि तो जागेवरून न हलण्याचा आहे.

स्वप्नाच्या अर्थाशी आलं, की सोलापूरच्या शेतकऱ्याचे कान टवकारतील. सात वर्षं पीक येईल, मग सात वर्षं दुष्काळ. उपाय म्हणून यूसुफ एक अगदी बारकाईची सूचना करतात: कापलेलं धान्य खाण्यापुरतं काढा, बाकीचं कणसातच राहू द्या. यात केवढं शहाणपण आहे! मळणीत दाण्याला मार बसतो, टरफल सुटतं, आणि सोंड्या किडीला, बुरशीला वाट मिळते. कणसातला दाणा आपल्या आवरणात शाबूत राहतो. आपल्याकडे बियाण्याची कणसं मळणीत न घालता आढ्याला टांगून ठेवायची रीत याच अनुभवातून आली. आणि ज्वारी साठवायला या मुलखात पेव असायचं: जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, वरून मातीनं बंद. आतला दाणा श्वास घेतो, हवेतला प्राणवायू संपवतो, आणि कीड गुदमरून मरते. म्हणून तर पेव उघडल्यावर आत लगेच कुणी उतरायचं नाही, हवा खेळू द्यायची, असा जुन्या लोकांचा दंडक होता.

सात वर्षांच्या दुष्काळाची आठवण खुद्द मिसर देशातही दगडावर कोरलेली आहे. अस्वानजवळ नाईल नदीतल्या सेहेल बेटावर एक शिलालेख आहे. तो कोरला टॉलेमी राजांच्या काळात, पण सांगतो त्याहून कितीतरी जुन्या जोसेर राजाच्या काळाबद्दल: सात वर्षं नाईलला पूर आला नाही आणि लोक उपाशी राहिले. त्याचा यूसुफच्या कथेशी थेट धागा जोडता येत नाही. तरीही सात वर्षांच्या उपासमारीची धास्ती त्या नदीकाठच्या लोकांच्या मनात किती खोल होती, हे त्यावरून कळतं. आपल्याकडे दुर्गादेवीचा दुष्काळ 1396 पासून बारा वर्षं चालल्याचं सांगतात. आणि 1972 चा दुष्काळ, सुकडी, खडी फोडण्याची कामं, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी हे तर आजच्या मुलांच्या आजी-आजोबांनी स्वतः भोगलं आहे. दादीनं यूसुफचा किस्सा सांगता सांगता बहात्तर साल सांगायला सुरुवात केली, तर तिला थांबवू नये.

यूसुफ राजाकडे काय मागतात? देशाची कोठारं माझ्या हाती द्या, मी ती सांभाळीन. आता सोलापूर जिल्ह्याच्याच मंगळवेढ्याकडे पाहा. पंधराव्या शतकात बिदरच्या बहमनी सुलतानाचे अधिकारी असलेले दामाजीपंत तिथं होते. दुष्काळात माणसं मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली. महिपतीबुवांनी 1762 च्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ही कथा सांगितली आहे: दामाजींना धरून नेण्याचा हुकूम सुटला, आणि विठ्ठल स्वतः विठू महाराच्या रूपानं बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरून आला. एक कोठारं राखणारा, दुसरा ती उघडणारा. दोघांचाही भरवसा राजापेक्षा मोठ्या धन्यावर. या दोन कथा एकाच जिल्ह्यात, कधी एकाच गल्लीत, सांगितल्या जातात, हे आपलं केवढं भाग्य आहे! विजापूर इथून लांब नाही. तिथल्या आदिलशाहीत सतराव्या शतकात हाशमी नावाच्या कवीनं दखनीत ‘यूसुफ-जुलेखा’ लिहिलं; जुलेखा हे त्या मालकिणीचं परंपरेतलं नाव. हाशमी अंध होता. दृष्टी गेलेल्या याकूबचा प्रसंग रचताना त्याच्या मनात काय आलं असेल!

शेवटी भाऊच धान्य मागायला मिसरला येतात आणि कोठारांचा अधिकारी त्यांना ओळखतो. ते त्याला ओळखत नाहीत. विहिरीत दिलेला शब्द असा पुरा होतो. यूसुफ त्यांना सांगतात, की आज तुमच्यावर कोणताही ठपका नाही. इसवी सन 630 मध्ये मक्का जिंकल्यावर, ज्यांनी छळून देशोधडीला लावलं त्याच लोकांपुढं पैगंबरांनी यूसुफ यांच्याच शब्दांचा आधार घेतल्याचं चरित्रकार सांगतात. आणि आईबाप येऊन पोहोचल्यावर यूसुफ देवाचे उपकार मोजतात, तेव्हा म्हणतात की त्यानं मला तुरुंगातून बाहेर काढलं. विहिरीचं नावही घेत नाहीत. भाऊ समोर उभे होते. त्यांना लाज वाटू नये म्हणून यूसुफ यांनी ती गाळली, असं भाष्यकार म्हणतात, आणि भांडणाचा दोष यूसुफ सैतानाच्या माथी घालतात. मुलांना हे सांगताना आधी त्यांनाच विचारा: यूसुफ कोणती गोष्ट सांगायची विसरले? एखादं पोर ‘विहीर!’ म्हणून ओरडेल. मग का, ते त्यालाच शोधू द्या.

घरी ही गोष्ट सांगायची तर एका रात्रीत उरकू नका. यूसुफला विहिरीत ठेवून एक रात्र जाऊ द्या, तुरुंगात ठेवून दुसरी. आणि शाळांमधल्या गुरुजींना, बाईंना एक विनंती: ज्या आठवड्यात दामाजीपंतांची गोष्ट सांगाल, त्याच आठवड्यात यूसुफ यांचीही सांगा, आणि वर्गातल्या मुस्लिम मुलांपैकी कुणाला ती घरी ऐकून माहीत असेल, तर त्यालाच पुढं येऊन सांगू द्या.