गुन्हेविषयक लेखन आणि लेखकाची चारित्र्य पडताळणी : एफबीआयच्या संदर्भात

प्रस्तावना :
गुन्ह्याविषयी प्रमाणभूत लेखन करावयाचे तर लेखकाला तपासाच्या नोंदी व तपास अधिकारी यांच्यापर्यंत पोहोचावे लागते. ही साधने बहुतांशी शासनाच्या ताब्यात असतात. त्यामुळे साहाय्य मागणारा लेखक स्वतःच चौकशीचा विषय होण्याची शक्यता असते. जे. एडगर हूवर यांच्या कारकिर्दीतील (१९२४ ते १९७२) एफबीआय हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या पडताळणीची पद्धती व तिचे परिणाम यांचा विचार केला आहे.

पडताळणीची पद्धती :
लेखक, पत्रकार व चित्रपट निर्माते यांच्याशी होणारा व्यवहार प्रामुख्याने ब्यूरोच्या गुन्हे अभिलेख विभागाकडे होता. नावावरून संख्याशास्त्रीय वाटणारा हा विभाग प्रत्यक्षात प्रसिद्धीचे कार्य करीत असे. साहाय्याची विनंती करणारे पत्र आले की प्रथम पत्रलेखकाचे नाव मध्यवर्ती सूचीत शोधले जाई. नंतर हूवर यांच्या सहीचे सौजन्यपूर्ण उत्तर पाठविले जाई. मात्र त्याच उत्तराच्या कार्यालयीन प्रतीवर खाली एक टीप असे. संबंधित व्यक्तीविषयी प्रतिकूल माहिती आहे किंवा नाही, हे त्या टिपेत नमूद केलेले असे. मूळ पत्रात ही टीप नसल्यामुळे नकाराचे खरे कारण लेखकाला कळण्याचा मार्ग नव्हता.

या पद्धतीतील मुख्य दोष नोंदींच्या स्वरूपात होता. एखाद्या निवेदनावरील सही, सभेतील उपस्थिती किंवा खबऱ्याने केलेला उल्लेख यांवरूनही नाव सूचीत येई. अशा नोंदी न्यायालयात सिद्ध झालेल्या नसत आणि त्यांचे खंडन करण्याची संधीही संबंधितांस मिळत नसे.

अनुकूल व प्रतिकूल लेखक :
डॉन व्हाइटहेड या पत्रकारास ब्यूरोचे सहकार्य लाभले. त्यांचे ‘द एफबीआय स्टोरी’ हे पुस्तक १९५६ मध्ये हूवर यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले व १९५९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. याउलट, १९५० मध्ये ब्यूरोवर टीकात्मक ग्रंथ लिहिणारे मॅक्स लोवेंथल यांच्या वाट्याला ब्यूरोचा रोष आला.

ट्रुमन कपोटी यांचा मार्ग निराळा होता. १५ नोव्हेंबर १९५९ रोजी कॅन्सस राज्यातील होलकोम येथे क्लटर कुटुंबातील चौघांची हत्या झाली. हा तपास राज्याच्या तपास संस्थेकडे होता. कपोटी यांनी हार्पर ली यांच्या सोबतीने तेथे जाऊन तपास अधिकारी ॲल्विन ड्युई यांचा विश्वास संपादन केला. ‘इन कोल्ड ब्लड’ हे त्याचे फलित होय. तेथेही लेखन अधिकाऱ्यांच्या सद्भावावर अवलंबून होतेच.

परिणाम :
पडताळणीमुळे केवळ काही लेखकांची गैरसोय झाली असे नाही. वाचकांसमोर येणारे सत्यच निवडक झाले. व्हाइटहेड यांचे पुस्तक आले त्याच १९५६ मध्ये राजकीय गटांत फूट पाडणारी ‘कॉइंटेलप्रो’ ही गुप्त मोहीम सुरू झाली. तिचे नाव जनतेला कळले ते १९७१ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील मीडिया येथील ब्यूरोच्या कार्यालयातून कार्यकर्त्यांनी कागदपत्रे पळविल्यानंतर. पारखून घेतलेल्या लेखकांकडून जे कळू शकले नाही, ते अशा रीतीने उघड झाले.

समारोप :
अमेरिकेतील माहिती स्वातंत्र्याचा कायदा १९६६ मध्ये झाला व १९७४ मध्ये तो अधिक प्रभावी करण्यात आला. त्यामुळे लेखकांवरील संचिका अभ्यासकांना उपलब्ध झाल्या. हर्बर्ट मिटगँग (१९८८) व नॅटली रॉबिन्स (१९९२) यांचे ग्रंथ त्यांवर आधारित आहेत. साक्षीदारांची सुरक्षितता व चालू तपास यांसाठी काही दक्षता आवश्यक असते, हे मान्य करावे लागेल. तथापि माहिती कोणती द्यावी याचा निकष तिच्या स्वरूपावर असावा, मागणाऱ्याच्या मतांवर नसावा. पडताळणी करावयाची असल्यास तिचा निष्कर्ष लेखकास कळविणे व त्यास उत्तर देण्याची संधी देणे, हे न्यायास धरून होईल.