अंधाराची ठेव

शहरातला माणूस खेड्यात कशाला येतो? कुणी हुरडा खायला येतो. कुणी लग्नाला येतो. कुणी जत्रेला येतो. आम्ही मात्र अंधार बघायला आलो होतो.

हसू नका, मंडळी. खरेच सांगतो. आम्ही सात मित्र. कुणी शिक्षक, कुणी कारकून, एकाचे सायकलचे दुकान. सगळ्यांना तारे बघण्याचा नाद. पण शहरात रात्रीसुद्धा दिव्यांचा लखलखाट. आभाळात मोजून पन्नास तारे दिसायची मारामार! म्हणून आम्ही मार्गशीर्षातली अवस धरून शनिवार-रविवार गाठला. दोन मोठ्या दुर्बिणी गाडीत घातल्या, आणि बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या बाजूला आलो.

अवसच का धरली? चांदणे असले म्हणजे बारीक तारे त्या उजेडात बुडून जातात. अवसेला चंद्र नसतो. आभाळ काळेभोर असते. काळ्या पाटीवर खडू उठून दिसतो, तसे तारे मग उठून दिसतात.

दिवसा लोणारचे सरोवर वरून पाहून घेतले. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. लोणासुराची गोष्टही ऐकली असेल. जाणकारांनी खडक तपासून सांगितले आहे, की आभाळातून एक प्रचंड धोंडा इथल्या काळ्या पाषाणावर आदळला, आणि त्याच्या तडाख्याने हा वाटोळा खड्डा पडला. खड्डा केवढा? या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. आभाळाचा आणि जमिनीचा संबंध किती जवळचा, ते इथे डोळ्यांनी दिसते.

सरोवराचा परिसर अभयारण्य आहे. रात्री तिथे थांबायचे नसते. म्हणून आम्ही लांब एका मित्राच्या शेतात मुक्काम केला. एका अंगाला तूर उभी, दुसऱ्या अंगाला हरभरा, आणि मधे मोकळे खळे. तिथे दुर्बिणी मांडल्या. दिवेलागणीला गावातली माणसेही जमली. बाया आल्या, पोरे आली, एक आजी काठी टेकत आल्या.

दुर्बीण काय करते?

दुर्बीण पाहून एक दादा म्हणाले, "ही तं पाण्याची टाकीच दिसून राह्यली!"

त्यांचे काही चुकले नाही. छातीएवढी उंच, जाड नळी. ती लाकडी पेटीत बसवलेली. हाताने ढकलली की फिरते. नळीच्या तळाशी एक आरसा असतो. तो परातीसारखा थोडा खोलगट असतो. आमच्या दुर्बिणीचा आरसा एक फूट रुंद होता. ताऱ्याचा उजेड त्या आरशावर पडतो, एकवटतो आणि परत वर येतो. वर एक लहान तिरपा आरसा असतो. तो उजेडाला बाजूच्या भोकाकडे वळवतो. त्या भोकाला भिंग असते. तिथे डोळा लावायचा.

पुष्कळांना वाटते, दुर्बीण म्हणजे लहान वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र. ते खरे आहे, पण अर्धेच खरे. अंधुक वस्तू बघायच्या, तर दुर्बिणीचे मोठे काम वेगळेच असते. ते काम उजेड गोळा करण्याचे.

पाऊस पडत असताना अंगणात एक वाटी ठेवा. बाजूला एक परात ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. पण पाणी जास्त कशात साठेल? परातीत. ताऱ्यांचा उजेडही असाच पावसासारखा पडत असतो. आपल्या डोळ्याची बाहुली म्हणजे लहानशी वाटी, आणि दुर्बिणीचा आरसा म्हणजे परात. आमची एक फुटाची परात डोळ्यापेक्षा दीड हजार पटींहून जास्त उजेड गोळा करत होती. आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यात गिरवलीला, एक मोठी दुर्बीण आहे. तिचा आरसा २ मीटर रुंद आहे. ही परात किती मोठी, तुम्हीच विचार करा.

"मले तं काही दिसत नाही!"

सात वाजले. अंधार चांगला पडला. डोक्यावर, थोडे उत्तरेला, आम्ही दुर्बीण लावली. पहिला मान आजींचा.

आजींनी डोळा लावला. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "मले तं काही दिसत नाही, बाबू."

आम्ही म्हणालो, "आजी, घाई करू नका. डोळ्याला अंधाराची सवय होऊ द्या."

ही गोष्ट ध्यानात ठेवा. उजेडातून अंधारात आले, की डोळा लगेच तयार होत नाही. त्याला अर्धा तास तरी लागतो. रात्री पाणी द्यायला शेतात जाणाऱ्याला हे ठाऊक असते. आधी बांधही दिसत नाही. मग हळूहळू सगळी पायवाट दिसू लागते.

तेवढ्यात एक पोरगा मोटारसायकल घेऊन आला. दिव्याचा झोत थेट सगळ्यांच्या तोंडावर! झाले. तयार झालेले सगळे डोळे एका क्षणात दिपले. पुन्हा अर्धा तास थांबावे लागले. म्हणून आम्ही आमच्या विजेरीला लाल कागद बांधतो. मंद लाल उजेडाने डोळे तितके दिपत नाहीत.

आजी पुन्हा आल्या. आम्ही सांगितले, "वस्तूकडे सरळ बघू नका. जरा बाजूला बघा." अंधुक गोष्ट डोळ्याच्या कडेने जास्त चांगली दिसते. डोळ्याची रचनाच तशी आहे.

आजी एकदम म्हणाल्या, "दिसलं वो! चुलीच्या धुरावानी काहीतरी हाय."

तो धूर म्हणजे देवयानी दीर्घिका.

दूरच्या गावाचे दिवे

दीर्घिका म्हणजे काय? असे समजा, की आपल्याला दिसणारा एकेक तारा म्हणजे एकेक घर. आपला सूर्यही एक ताराच आहे. तो जवळ आहे, म्हणून मोठा दिसतो. अशी कोट्यवधी घरे मिळून एक मोठे गाव झाले आहे. त्या गावाचे नाव आकाशगंगा. आपण तिथेच राहतो. नुसत्या डोळ्यांना दिसणारे सुटे तारे सगळे आपल्याच गावातले.

देवयानी हे दुसरे गाव आहे. तिथेही हजारो कोटी तारे आहेत. पण ते गाव इतके दूर, की एकेक दिवा सुटा दिसत नाही. सगळ्यांचा मिळून धुरकट उजेड दिसतो.

किती दूर? उजेड एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. सूर्याचा उजेड आपल्याकडे यायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. देवयानीचा उजेड यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात!

मुंबईहून पत्र येते. ते चार दिवसांनी हातात पडते. म्हणजे पत्रातली खबर चार दिवसांपूर्वीची असते. ताऱ्यांचा उजेड हे असेच पत्र आहे. आजींनी पाहिले ते पत्र २५ लाख वर्षांपूर्वी निघालेले होते. लोणारचा धोंडा एका मोजणीप्रमाणे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी पडला. आधीच्या मोजणीत हा काळ ५० हजार वर्षे आला होता. कोणतीही मोजणी धरा. धोंडा पडला तेव्हा आजींच्या डोळ्यात आलेला उजेड केव्हाच वाटेला लागलेला होता. निदान चार हिश्शांतली तीन हिस्से वाट तो चालून आला होता.

मग आम्ही कृत्तिकांचा पुंजका दाखवला. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात. दुर्बिणीत ते डझनांनी दिसतात. त्यांचा उजेड सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघालेला. आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मल्या १५९८ साली. म्हणजे जिजाऊ जन्मल्या त्याच्या थोडे आधी हा उजेड तिथून निघाला, आणि त्या रात्री खळ्यावर पोचला.

मृग हिवाळ्यात कसा?

नऊच्या सुमाराला मृग पूर्वेला चांगला वर आला. चार कोपऱ्यांना चार तारे, पोटात तीन ताऱ्यांचा बाण. बाण मारणारा व्याध खाली लखलखत होता.

एका शेतकरीदादांनी फार मोलाचा प्रश्न विचारला. "मृग तर जूनमधी निघते. मग हा आता हिवाळ्यात कसा दिसतो?"

खळे आठवा. आता मळणीयंत्र आले, पण जुन्या माणसांना तिवडा ठाऊक आहे. तिवड्याला कंदील टांगला आहे, आणि आपण त्याभोवती फिरतो आहोत, असे समजा. खळ्याच्या एका बाजूला लांब बाभळीचे झाड आहे. कंदील आपल्या आणि बाभळीच्या मधे आला, की डोळे दिपतात. बाभूळ दिसत नाही. अर्धा फेरा झाला, की कंदील पाठीमागे जातो आणि बाभूळ समोर दिसते.

कंदील म्हणजे सूर्य, फिरणारे आपण म्हणजे पृथ्वी, आणि बाभूळ म्हणजे मृग. ७-८ जूनला 'मृग लागला' म्हणतात, तेव्हा सूर्य मृगाच्या बाजूला असतो. मृग दिवसा वर असतो, पण उजेडात दिसत नाही. सहा महिन्यांनी आपण अर्धा फेरा पुरा करतो. मग तोच मृग रात्रभर दिसतो.

दादा म्हणाले, "म्हंजे पेरणीच्या टायमाले तो आपल्या डोक्यावरच असते, फक्त झाकलेला!" अगदी बरोबर.

मृगातल्या बाणाच्या खाली एक अंधुक ठिपका आहे. दुर्बिणीत तो पसरलेल्या पंखांच्या पाखरासारखा दिसतो. तो वायूचा आणि धुळीचा ढग आहे. तिथे नवे तारे जन्माला येत आहेत. चित्रात त्याचे रंग फार सुंदर दिसतात. डोळ्याला मात्र तो राखाडी दिसतो. कारण इतक्या थोड्या उजेडात डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. त्याचा उजेड सुमारे १३५० वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्याही सहाशे वर्षे आधी.

दिवा हवा, पण कुठे?

दुसऱ्या दिवशी पारावर बसलो होतो. आमच्यातला एक जण बोलून गेला, "गावातला तो नवा हायमास्ट दिवा रात्री बंद ठेवला तर किती बरे होईल!"

एक ताई लगेच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दोन दिवसांचे पाहुणे. आम्ही किती वर्षं अंधारात काढली. रात्री पाय ठेवला तर साप आहे की दोरी, कळत नव्हतं. आता कुठं उजेड आला, तं तुम्ही बंद करा म्हणता?"

आम्ही गप्प झालो. ताईंचे म्हणणे सोळा आणे खरे होते. शहरात सगळीकडे दिवे. तिथल्या माणसाने खेड्याला अंधारात राहा म्हणावे, हे न्यायाचे नाही. आम्ही चूक कबूल केली.

मग दिवा नीट पाहिला. त्याचे तोंड तिरपे होते. पुष्कळ उजेड आभाळात आणि शेतात जात होता. खुद्द खांबाच्या पलीकडची गल्ली अंधारातच होती! आभाळात जाणारा उजेड सापही दाखवत नाही आणि वाटही दाखवत नाही. तो वाया जातो, आणि विजेचे पैसे मात्र पंचायतीला भरावे लागतात. दिव्याचे तोंड खाली केले, वर टोप बसवला, तर तोच उजेड वाटेवर पडतो, आणि तारेही वाचतात.

ही नुसती बोलण्याची गोष्ट नाही. आपल्या विदर्भातच हे घडले आहे. नागपूर जिल्ह्यात पेंचचे जंगल आहे. तिथल्या गावांत जमिनीकडे तोंड करणारे दिवे बसवले. २०२४ च्या जानेवारीत पेंचच्या आभाळाला जगात मान मिळाला. रात्रीचे आभाळ जपलेली जागा म्हणून त्याची नोंद झाली. आता माणसे तिथे तारे बघायला जातात.

सरपंचांनी सगळे ऐकून घेतले. ते म्हणाले, "वायरमनला सांगून एका दिव्याचं तोंड खाली करून पाहू. गल्लीत उजेड वाढला, तर बाकीचे करू." ताई म्हणाल्या, "आधी आमच्या गल्लीतला करा." सगळे हसले.

तुम्हीही बघा

मंडळी, दुर्बीण नसली म्हणून अडत नाही. अवसेच्या आसपास दिव्यांपासून लांब जा. एकटे जाऊ नका. बसायची जागा आधी उजेडात नीट बघून घ्या. अर्धा तास मोबाइल बघू नका. मग वर बघा. उत्तरेला हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी मोजा. तिथे ध्रुव दिसेल. हिवाळ्यात कृत्तिका बघा, मृग बघा. मुलांना दाखवा. एक मात्र कधीही करू नका. दुर्बिणीतून सूर्याकडे बघू नका. डोळा कायमचा जाईल.

निघताना आजी म्हणाल्या, "इतकी वर्सं अंगणात निजले, पण तो धूर कधी पाह्यला नाही." आम्ही म्हणालो, "आजी, आमच्या अंगणात तर तो दिसतच नाही."

शहराने हे धन गमावले आहे. तुमच्या गावावर ते अजून आहे. दिवा वाटेवर लावा, आणि आभाळ पोरांसाठी राखून ठेवा.