कसोटी पाहणारी पाइन व्हॅली

गोल्फच्या मैदानावर एखादा फटका चुकला तर बहुतेक ठिकाणी फारसे काही बिघडत नाही. चेंडू उंच गवतात जातो किंवा झाडामागे थांबतो आणि खेळाडू पुढचा फटका जरा जपून मारतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या पाइन व्हॅली गोल्फ क्लबवर मात्र एका चुकीतून दुसरी आणि दुसरीतून तिसरी चूक घडत जाते. एखाद्या होलवर चारऐवजी नऊ-दहा फटके कधी खर्ची पडले, हे चांगल्या खेळाडूलाही कळत नाही. जगातील सर्वांत अवघड मैदानांमध्ये पाइन व्हॅलीचे नाव आवर्जून घेतले जाते. गोल्फविषयक नियतकालिकांच्या क्रमवारीतही ते वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिले आहे. इतके छळणारे मैदान इतके प्रिय का असावे, हे समजण्यासाठी त्याची रचना पाहावी लागते.

गोल्फच्या एका फेरीत अठरा होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात 'टी'वरून होते. तेथून छाटलेल्या हिरवळीच्या पट्ट्यावरून, म्हणजे 'फेअरवे'वरून, चेंडू 'ग्रीन'पर्यंत न्यायचा आणि तेथील खळग्यात घालवायचा. निष्णात खेळाडूला त्यासाठी जितके फटके लागावेत अशी अपेक्षा असते, तो त्या होलचा 'पार'. पारपेक्षा एक फटका कमी म्हणजे बर्डी, दोन कमी म्हणजे ईगल आणि एक जास्त म्हणजे बोगी. पाइन व्हॅलीच्या अठरा होलचा एकूण पार ७० आहे.

हॉटेलवाल्याचे स्वप्न

हे मैदान जॉर्ज क्रम्प या फिलाडेल्फियातील हॉटेल व्यावसायिकाच्या ध्यासातून उभे राहिले. फिलाडेल्फियाहून फारशी दूर नसलेली पाइन वृक्षांची, वाळूची आणि खुरट्या झुडपांची ही जमीन शेतीच्या दृष्टीने निरुपयोगी होती. गोल्फसाठी मात्र वाळूची जमीन उत्तम. पाणी साचत नाही आणि चढउतारही नैसर्गिक मिळतात. १९१३ मध्ये क्रम्प यांनी कामाला सुरुवात केली. ते स्वतः त्या रानातच मुक्कामाला गेले आणि आपला पैसा त्यांनी या कामात ओतला. जंगल साफ करताना झाडांचे बावीस हजार बुंधे उपटले गेले आणि त्यानंतर मोजणेच सोडून देण्यात आले, असे सांगितले जाते. इंग्लंडचे नामवंत मैदान-रचनाकार हॅरी कोल्ट यांचा सल्लाही त्यांनी घेतला.

क्रम्प यांनी काही नियम ठरवले होते. कोणतेही दोन होल एकमेकांना समांतर नसावेत. लागोपाठ दोनपेक्षा जास्त होल एकाच दिशेने जाऊ नयेत. आपण खेळत असलेल्या होलखेरीज दुसरा होल खेळाडूच्या दृष्टीस पडू नये. १९१८ च्या जानेवारीत त्यांचे अकाली निधन झाले, तेव्हा चौदा होल तयार होते. उरलेले चार त्यांच्या पश्चात इतरांनी पूर्ण केले. संपूर्ण मैदान खेळण्याचे भाग्य त्याच्या निर्मात्याला लाभले नाही.

बंद दरवाजा

पाइन व्हॅली हा पूर्णपणे खासगी क्लब आहे. पैसे भरून येथे कोणालाही खेळता येत नाही. सदस्यत्व केवळ निमंत्रणाने मिळते आणि बाहेरच्या व्यक्तीला सदस्याचा पाहुणा म्हणूनच मैदानावर पाऊल ठेवता येते. या क्लबची अलिप्तता इतकी, की १९२९ पासून त्याच्या परिसराची स्वतंत्र नगरपालिका होती. तिची लोकवस्ती अगदी तुरळक होती. २०२२ मध्ये ती शेजारच्या पाइन हिल या गावात विलीन झाली.

या दरवाजाची दुसरी बाजू फारशी अभिमानास्पद नाही. स्थापनेपासून शतकाहून अधिक काळ क्लबचे सदस्यत्व फक्त पुरुषांना होते. स्त्रियांना पाहुण्या म्हणून खेळता येई, तेही रविवारी दुपारनंतर. २०२१ मध्ये सदस्यांनी मतदान करून हे निर्बंध उठवले. आलेल्या खेळाडूचे खरे माप दाखवणारे मैदान, अशी ज्याची ख्याती, तेथे माप देण्याची संधीच निम्म्या जगाला शंभर वर्षे जवळपास नाकारली गेली होती.

अवघडपणाचे गणित

मैदान किती अवघड आहे, हे ठरवण्याची अधिकृत पद्धत गोल्फमध्ये आहे. 'कोर्स रेटिंग' हा आकडा निष्णात खेळाडूकडून किती फटक्यांची अपेक्षा आहे, ते सांगतो. 'स्लोप रेटिंग' हा दुसरा आकडा निष्णात खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला ते मैदान किती जड जाईल, हे दाखवतो. स्लोपची पट्टी ५५ ते १५५ अशी असून सर्वसाधारण मैदानाचा स्लोप ११३ धरला जातो. पाइन व्हॅलीचा स्लोप पट्टीच्या अगदी वरच्या टोकाजवळ आहे. याचा अर्थ, कसलेला खेळाडू येथे घाम गाळतो आणि हौशी खेळाडूची दाणादाण उडते.

गंमत अशी, की येथील फेअरवे अरुंद नाहीत. ते चांगले प्रशस्त आहेत. अनेक ग्रीनही मोठ्या आहेत. परंतु टी आणि फेअरवे, फेअरवे आणि ग्रीन यांच्या मध्ये वाळूचे विस्तीर्ण पट्टे, झुडपे आणि काही ठिकाणी पाणी पसरलेले आहे. हिरवळ म्हणजे जणू वाळूच्या समुद्रातील बेटे. एका बेटावरून उडी मारायची ती थेट दुसऱ्या बेटावर. इतर मैदानांवर वाळूचे खळगे, म्हणजे बंकर, दाताळ्याने सारखे केलेले असतात. येथील वाळू मात्र रानटीच ठेवलेली आहे. तिच्यात पावलांचे ठसे असतात, गवताचे बुचके असतात, खडे असतात. चेंडू कोठे आणि कसा थांबेल, याचा भरवसा नाही.

पहिल्याच होलवर खेळाडूला याची जाणीव होते. फेअरवे उजवीकडे वळतो आणि ग्रीनच्या कडेला उतार आहे. दुसरा फटका किंचित हुकला, की चेंडू खाली घरंगळतो. दुसऱ्या होलची ग्रीन वाळूच्या उभ्या चढावर आहे. फटका जरासा कमी पडला तर चेंडू त्या चढात रुततो. चौथ्या होलनंतर खेळाडू पुन्हा क्लबहाउसजवळ येतो. या जागेशी जे. वुड प्लॅट या फिलाडेल्फियाच्या हौशी खेळाडूची कथा जोडलेली आहे. त्याने पहिल्या होलवर बर्डी, दुसऱ्यावर ईगल, तिसऱ्यावर एकाच फटक्यात चेंडू खळग्यात आणि चौथ्यावर पुन्हा बर्डी केली, असे सांगतात. चार होलनंतर पारपेक्षा सहा फटके कमी! प्लॅट आनंद साजरा करायला क्लबच्या बारमध्ये शिरला आणि फेरी पुरी करायला बाहेर आलाच नाही. समोर पाचवा होल होता, हे लक्षात घेतले तर त्याच्या शहाणपणाला दाद द्यावी लागते.

पाचवा होल पार तीनचा. अंतर सुमारे २३० यार्ड, म्हणजे दोनशे मीटरहून अधिक. मध्ये पाण्याची खोलगट दरी, पलीकडे चढ आणि बाजूंना बंकर व झाडी. या होलवर पार करणे देवालाच जमावे, अशी थट्टा क्लबमध्ये केली जाते.

नरकाचा अर्धा एकर

सातवा होल पार पाचचा आहे. त्याच्या फेअरवेला मधोमध छेदून जाणारा वाळूचा प्रचंड पट्टा 'हेल्स हाफ एकर' या नावाने प्रसिद्ध आहे. तो पार करायला शंभराहून अधिक यार्डांची हवाई मजल मारावी लागते. पहिला फटका उत्तम बसला असेल तर दुसऱ्या फटक्याने तो ओलांडता येतो. पहिला फटका फसला असेल तर खेळाडूपुढे खरा प्रश्न उभा राहतो. पट्ट्याच्या अलीकडे थांबायचे, की धाडस करायचे?

पाइन व्हॅलीचे मर्म या प्रश्नात आहे. अलीकडे थांबणाऱ्याचा एक फटका जातो. धाडस फसले तर चेंडू वाळूत जातो. तेथूनही जवळच्या हिरवळीवर बाहेर पडण्याचा साधा मार्ग असतो. परंतु झालेले नुकसान एका फटक्यात भरून काढण्याचा मोह आवरत नाही. मग चेंडू काठावर आदळून परत येतो, पावलाच्या ठशात बसतो आणि फटक्यांचा आकडा वाढत जातो. पहिल्या चुकीची किंमत एक फटका. ती मान्य न करण्याची किंमत चार फटके. अनुभवी कॅडी म्हणूनच पाहुण्याला लक्ष्य दाखवताना चुकायचेच असेल तर कोणत्या बाजूला चुकावे, तेही सांगतो.

दहावा होल सुमारे दीडशे यार्डांचा, मैदानावरील सर्वांत छोटा. ग्रीनच्या पुढे उजव्या हाताला एक लहानसा, पण खोल बंकर आहे. सदस्यांनी त्याला दिलेले सैतानाच्या नावाचे विशेषण छापण्याजोगे नाही. त्यात पडलेला खेळाडू डोके वर काढून पाहतो तेव्हा त्याला आकाश दिसते. नियमानुसार चेंडू 'खेळण्यास अयोग्य' असे जाहीर करता येते. एक दंडाचा फटका घेऊन आधीच्या जागेवरून, म्हणजे टीवरून, पुन्हा मारता येते. २०१९ पासून दोन दंडाचे फटके सोसून बंकरच्या मागे चेंडू टाकण्याची मुभाही आहे. शरणागतीचा हा पर्याय योग्य वेळी स्वीकारणारे थोडेच असतात.

पैज आणि लग्न

पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला ८० फटक्यांच्या आत फेरी पुरी करता येणार नाही, अशी पैज सदस्य लावत आणि बहुधा जिंकत. १९५४ मध्ये अर्नोल्ड पामर नावाचा तरुण येथे आला. त्याच वर्षी त्याने अमेरिकेची राष्ट्रीय हौशी स्पर्धा जिंकली होती. त्याचे लग्न ठरले होते आणि खिसा रिकामा होता. त्याने मिळतील तेवढ्या पैजा स्वीकारल्या आणि ६८ फटक्यांत फेरी संपवली. पुढे गोल्फचा अनभिषिक्त राजा ठरलेल्या पामरच्या संसाराला पाइन व्हॅलीने असा हातभार लावला.

व्यावसायिकांच्या मोठ्या स्पर्धा येथे होत नाहीत. झाडीने वेढलेल्या या होलभोवती प्रेक्षकांच्या गर्दीला जागाच नाही. अमेरिका आणि ब्रिटन-आयर्लंड यांच्या हौशी खेळाडूंमधील वॉकर चषक मात्र येथे दोनदा झाला. १९३६ मध्ये पाहुण्या संघाला एकही सामना जिंकता आला नाही. १९८५ मध्ये अमेरिका १३-११ अशी निसटती जिंकली. वॉकर चषकात एकेका होलची हारजीत मोजतात. एखाद्या होलवर दहा फटके गेले तरी तो एकच होल हरला, असे धरले जाते. फटके मोजणाऱ्या फेरीत मात्र ते दहाच्या दहा कार्डावर लिहावे लागतात.

अठराव्या होलवर टीवरून पुन्हा एकदा वाळू ओलांडायची असते आणि ग्रीनकडे जाताना पाणी व बंकर. हात थकलेले असतात, कार्ड बहुधा बिघडलेले असते आणि शेवट गोड करण्याची इच्छा अनावर झालेली असते. सतरा होल सोसून ज्याने आपल्या फटक्याची मजल नीट ओळखली, तो येथे झेपेल तेवढेच मारतो आणि पाच फटक्यांत समाधानाने बाहेर पडतो. बाकीचे पुन्हा वाळूत उतरतात. तरीही निमंत्रण आले, की तेच खेळाडू दुसऱ्या दिवशी पहिल्या टीवर हजर असतात. आपण किती चांगले खेळतो, हे सांगणारी मैदाने पुष्कळ आहेत. आपण चुकल्यावर कसे वागतो, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे मैदान विरळाच.