समुद्रतळाची आडवी चीर



विद्यापीठाशी माझा संबंध त्याच्या फाटकापुरताच. मोर्चा नेला तेवढाच. भूशास्त्र मी वाचनालयातल्या पुस्तकांतून शिकलो. तेव्हा जे मला उशिरा उमगले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

अटलांटिक महासागराच्या मधोमध पाण्याखालून एक डोंगररांग उत्तर-दक्षिण गेली आहे. तिच्या माथ्याशी तळ फाटतो, खालून तप्त शिलारस वर येऊन थिजतो आणि नवा तळ दोन्ही अंगांना सरकत जातो. वेग वर्षाला दोन-चार सेंटिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात साधारण तेवढा. पण ही रांग सलग नाही. ठिकठिकाणी तिचे तुकडे पडले आहेत आणि दोन तुकड्यांची टोके एका आडव्या चिरेने जोडलेली आहेत. विषुववृत्ताजवळ रोमांश नावाची अशी चीर आहे. तिच्या उत्तरेचा तुकडा पश्चिमेला, दक्षिणेचा पूर्वेला आणि मध्ये सुमारे ९०० किलोमीटरांचे अंतर!

नकाशा पाहून कोणीही म्हणेल, की रांग पूर्वी सलग होती, मग मोडली आणि दक्षिणेचा भाग पूर्वेला सरकला. संघटनेच्या कामात आम्हालाही हीच खोड लागते. माणूस आज कुठे उभा आहे, एवढ्यावरून तो कुठून आला ते आम्ही ठरवून मोकळे होतो.

१९६५ साली कॅनडाचे भूशास्त्रज्ञ जॉन तुझो विल्सन यांनी हे अनुमान उलटे केले. त्यांचा विचार साधा आहे. उत्तरेच्या तुकड्यातून पूर्वेकडे निघालेला तळ कुठे जातो? पूर्वेला. दक्षिणेच्या तुकड्यातून पश्चिमेकडे निघालेला? पश्चिमेला. हे दोन तळ चिरेच्या दोन काठांवर एकमेकांना घासत जातात. म्हणजे दोन तुकड्यांच्या दरम्यान चिरेचा उत्तरेकडचा काठ पूर्वेला जातो आणि दक्षिणेकडचा पश्चिमेला; नकाशावरून वाटले होते त्याच्या नेमके उलट! तुकडे एकमेकांपासून दूर पळत नाहीत. आणि चीर त्यांच्या टोकांपलीकडे जाते, तिथे दोन्ही काठ एकाच दिशेने चालतात. तिथे घर्षण जवळजवळ नाही. उरतो तो जुना व्रण. चिरेच्या टोकाशी एका प्रकारच्या हालचालीचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर होते, म्हणून विल्सन यांनी तिला ‘ट्रान्सफॉर्म फॉल्ट’ म्हटले. आपण रूपांतरी विभंग म्हणू.

आता पुरावा पाहू. रांग खरोखर मोडून सरकत असती, तर भूकंप चिरेच्या सबंध लांबीवर झाले असते. विल्सन यांचे खरे असेल, तर ते बहुतेक दोन टोकांच्या दरम्यानच व्हायला हवेत. अणुस्फोटांवर नजर ठेवण्यासाठी १९६० नंतर जगभर भूकंपमापक यंत्रे बसली होती. त्यांच्या नोंदी तपासून अमेरिकेच्या लिन साइक्स यांनी १९६७ मध्ये दाखवले, की भूकंप टोकांच्या दरम्यान होतात आणि काठ सरकतात तेही विल्सन यांनी सांगितलेल्या दिशेनेच.

या चिरेची रचनाही समजण्याजोगी आहे. चिरेच्या टोकाशी एका काठावर नुकताच जन्मलेला, तप्त आणि म्हणून उंच तळ असतो. समोरच्या काठावर लाखो वर्षे थंड होत खाली बसलेला. म्हणून तिथे उंच कडे आणि खोल दऱ्या तयार होतात. रोमांशची दरी साडेसात हजार मीटरांहून अधिक खोल आहे.

आपल्या अरबी समुद्रातही हा प्रकार आहे. कार्ल्सबर्ग आणि शेबा या दोन सागरी रांगांची टोके ओवेन विभंगाने जोडली आहेत. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. तिथे धरणी हलली तर कोकण बुडेल काय? भीती रास्त आहे, पण कारण समजून घ्यावे. महालाट बहुधा तळ वर-खाली उचलला गेला म्हणजे उठते. १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या किनाऱ्याजवळ तसे झाले आणि लाटा मुंबईपर्यंत आल्या. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो. रूपांतरी विभंगात काठ मुख्यतः आडवे सरकतात, म्हणून तसा धोका तिथे पुष्कळच कमी.

शेवटी एक गोष्ट. हेच विल्सन अनेक वर्षे खंड सरकतात या मताचे विरोधक होते. पन्नाशीच्या सुमारास पुरावा पाहून त्यांनी मत बदलले आणि छप्पन्नाव्या वर्षी हा शोध मांडला. आमच्या क्षेत्रात मत बदलण्याला फितुरी म्हणतात. कंत्राटी कामगारांना संघटनेत घेऊ नये, असे मी वर्षानुवर्षे सभांतून सांगत आलो. त्यांच्यामुळे कायम कामगारांची मजुरी घसरते, असे मला वाटे. मग हिशेब मांडला, तेव्हा दिसले, की ते बाहेर राहतात म्हणूनच ती घसरते. भर सभेत तसे कबूल केले, तेव्हा जुने सोबती उठून गेले. काही अजून बोलत नाहीत. त्या रात्री मी विल्सन यांच्याविषयी पुन्हा वाचले. झोप लागली नाही. पण दुसऱ्या दिवशी कंत्राटी कामगारांच्या पावत्या फाडायला गेलो.