एका वर्षाची फी, आठ वर्षांची शाळा

माझ्या पलटणीतल्या एका निवृत्त हवालदाराचा फोन आला. "साहेब, पोराला आयआयटी मिळाली. पण फी बघून झोप उडाली. गावच्या शाळेत आठवीपर्यंत एक पैसा भरला नाही, आणि इथे वर्षाला दोन लाख?" त्याच्या प्रश्नात आजचा विषय आहे.

आधी आकडे बघू. २०१६ पासून आयआयटीत बी.टेक.ची शिकवणी फी वर्षाला २ लाख आहे. वसतिगृह आणि मेस वेगळं. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना ती पूर्ण माफ. १ ते ५ लाख उत्पन्न असेल तर दोन तृतीयांश माफ. आमच्या हवालदाराची पेन्शन आणि गार्डचा पगार मिळून ५ लाखांच्या जरा वर जातात. म्हणजे पूर्ण फी.

आता शाळा. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांचे पैसे सरकार भरतं. सरकारी शाळेत एका मुलामागे होणारा चालू खर्च किंवा त्या शाळेची फी, यातली कमी असेल ती रक्कम. महाराष्ट्राने २०१९-२० साठी हा दर १७,६७० रुपये धरला. आठ वर्षांचे होतात १,४१,३६०. म्हणजे पहिली ते आठवीचा सगळा खर्च आयआयटीच्या एका वर्षाच्या फीपेक्षा कमी!

पण इथे एक गफलत होते. फी म्हणजे खर्च नव्हे. शाळेचा आकडा सरकारच्या खिशातला, फीचा आकडा पालकाच्या. आयआयटीत फीच्या वरचा मोठा भार सरकारच उचलतं. म्हणजे सरकारी पैशाचा विचार केला तर ही दरी आणखी रुंद आहे.

माझं म्हणणं आयआयटीचे पैसे कापा असं नाही. पण पाया कच्चा राहिला तर फीमाफी कोणाच्या कामाची? ती गेटच्या आत पोचलेल्यालाच मिळते. गेटपर्यंत कोण पोचणार, हे गावची शाळा ठरवते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तोच आकडा पुन्हा लिहावा लागला.

मग आपण काय करायचं? दोन गोष्टी.

एक, कॉलेजसाठी सावकाराकडे जाऊ नका. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर व्याजात ३ टक्के सवलतही मिळू शकते. हवालदाराला मी हेच सांगितलं.

दोन, सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. अनुदान कुठे खर्च झालं, हे बघणं त्यांचंच काम. पुढच्या बैठकीला जा, हिशेब मागा. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला की बेळगावला, हा हक्क सगळीकडे सारखाच आहे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.