सिमेंटमधला धागा

मातीत भुसा कालवून भिंत लिंपणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते : नुसत्या मातीला वाळताना तडे जातात, भुसा घातलेल्या मातीला कमी जातात. भुशाची काडी काही बळकट नसते, नखाने तुटते. पण ती तड्याचे दोन्ही काठ धरून ठेवते.

सिमेंटचीही अडचण तीच. दाबाला ते खंबीर, पण ताणाला दुबळे; जेवढा दाब सोसते, त्याच्या साधारण दशांश ताणातच फुटते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन कारखानदाराने सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांचा पातळ लगदा कागदासारखा थरावर थर चढवून पत्रा बनवला. त्याला नाव दिले ‘एटर्निट’, म्हणजे चिरंतन! आपल्या चाळींवर, शाळांवर, गोठ्यांवर तोच पत्रा आला, आणि आपण त्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणू लागलो. धोका ज्याच्यात होता, तो धागा नावातून गळाला. अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात रुततात आणि त्यातून होणारा कर्करोग बहुधा वीस-चाळीस वर्षांनी प्रकटतो. युरोपीय संघाने २००५पासून त्याचा वापर बंद केला. भारतात मात्र परदेशातून अ‍ॅस्बेस्टॉस आणून पत्रे अजूनही बनतात.

मग दुसरा धागा का नाही? वाटते तितके हे सोपे नव्हते. साधी काच सिमेंटमधला अल्कली खाऊन टाकतो, ए. जे. मजुमदार यांनी इंग्लंडमध्ये झिर्कोनियायुक्त काच वापरून त्यावर तोड काढली. पॉलिप्रॉपिलीन गुळगुळीत, त्याला सिमेंट नीट चिकटत नाही. वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट असलेले केव्हलार गरिबाच्या छपराला परवडणारे नाही.

उपयोगी पडला तो मुळात कपड्यांसाठी शोधलेला धागा. १९३९ साली क्योतोत इचिरो साकुरादा आणि त्यांचे कोरियन सहकारी री सुंग-गी यांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलपासून तो बनवला. हे रसायन पाण्यात विरघळते. यंत्रमागाच्या ताण्याला खळ द्यायलाही ते वापरतात. त्याच्या धाग्यावर प्रक्रिया केली की तो पाण्यात टिकतो, पण पाण्याशी आणि सिमेंटशी असलेली त्याची जवळीक सुटत नाही. तरीही अ‍ॅस्बेस्टॉसची जागा तो एकटा घेऊ शकत नाही. पातळ लगद्यातले सिमेंटचे कण अडवून धरण्याचे कामही अ‍ॅस्बेस्टॉस करत असे. त्यासाठी आता लाकडाचा लगदा सोबत घालावा लागतो.

या जवळिकीतच एक पेच आहे आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. धाग्याची पकड फार घट्ट झाली, तर तडा पडताच धागा तुटतो. तो थोडा घसरत, ओढला जात निघाला पाहिजे. ताणाची ऊर्जा त्या घर्षणात खर्ची पडते. मिशिगन विद्यापीठाच्या व्हिक्टर ली यांच्या गटाने यासाठी धाग्यावर तेलाचा हलका थर दिला. आकारमानाच्या सुमारे दोन टक्के एवढाच धागा घातलेले त्यांचे काँक्रीट तीन टक्क्यांहून अधिक ताणले जाते. साधे काँक्रीट ०.०१ टक्क्याच्या आसपासच फुटते. ताणले जाताना त्याला एक मोठा तडा पडत नाही, केसाएवढे बारीक असंख्य तडे पडतात.

डोक्यावरच्या जुन्या पत्र्यांचे काय? पत्रा अखंड असेपर्यंत तंतू बहुतांशी सिमेंटमध्ये अडकलेले असतात. करवत, ड्रिल आणि हातोडा त्यांना मोकळे करतात. म्हणून तो उतरवायचा झाला, तर आधी पाण्याने भिजवावा, स्क्रू सोडवून आख्खा खाली घ्यावा, आणि त्याचे तुकडे वाटेच्या खड्ड्यात भराव म्हणून टाकू नयेत.