थर्मोपिली : इथली खिंड गेली कुठे?

खिंड म्हटलं की आपल्याला पावनखिंड आठवते. दोन्ही अंगांना उंच चढ आणि मधून चिंचोळी वाट. तेच चित्र मनात धरून आम्ही अथेन्सहून थर्मोपिलीला गेलो आणि तिथे खिंडच सापडेना! दक्षिणेला कॅलिड्रोमो डोंगर आहे, पण उत्तरेला लांबवर सपाट शेतं. मग एवढ्या मोकळ्या जागेत मोजक्या ग्रीकांनी झर्क्सिसचं अफाट इराणी सैन्य अडवलं कसं?

उत्तर सोपं आहे. इ. स. पूर्व ४८० मध्ये ही शेतं नव्हतीच, तिथे समुद्र होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. काही ठिकाणी जेमतेम एक गाडी जाईल एवढीच वाट होती, असं हिरोडोटस सांगतो. पुढे स्पर्खिओस नदीने गाळ आणला, गरम झऱ्यांतल्या क्षारांचे थर साचले आणि किनारा काही किलोमीटर दूर सरकला. ज्या जमिनीवर लढाई झाली, ती आज कित्येक मीटर खाली गाडलेली आहे.

पण कोलोनोस नावाची छोटी टेकडी अजून दिसते. १९३९ मध्ये मारिनातोस या पुरातत्त्वज्ञाला तिथे बाणांची पुष्कळ टोकं सापडली. ग्रीकांची शेवटची झुंज इथेच झाली, असं त्यावरून मानलं जातं. टेकडीवर उभं राहून समोरच्या शेतांच्या जागी समुद्र कल्पिला, की लढाई समजायला लागते.

रस्त्यापलीकडे लिओनिडासचं १९५५ सालचं स्मारक आहे. प्रवासी फोटो काढतात तो तिथेच. शेजारी १९९७ मध्ये उभारलेलं थेस्पियाच्या लोकांचं स्मारक आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. आता बघा, शेवटच्या दिवशी ३०० स्पार्टन थांबले हे जगाला पाठ आहे. पण थेस्पिया या लहानशा नगराचे ७०० जणही थांबले. हिरोडोटसच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर स्वखुशीने. ते सगळे तिथेच पडले. नंतर झर्क्सिसने त्यांचं नगर जाळलं. स्पार्टापर्यंत मात्र इराणी सैन्य पोचलंच नाही. तरीही पुढच्या वर्षी प्लाटियाच्या लढाईला थेस्पियाचे उरलेले १,८०० लोक आले, तेही जड शस्त्रांशिवाय.

तेव्हा तुम्ही कधी थर्मोपिलीला गेलात, तर आधी मनात समुद्र परत आणा, आणि मोजताना ३०० वर थांबू नका.